तिसरी नळी

थोरलीचं अर्धं आयुष्य पाला उकळण्यात गेलं होतं आणि स्वयंपाकाचा तिला मनस्वी कंटाळा होता. या दोन्ही गोष्टी एकाच बाईच्या असू शकतात हे धाकट्याला, म्हणजे तिच्या भावाला, कधी पटलं नाही. "घरी चहा टाक म्हटलं की हिचं डोकं दुखतं," तो म्हणायचा, "आणि तिकडे दिवसभर पानं उकळत बसते. निदान रस्सा तरी घरी आणत जा गं!" यावर आई डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसायची. धाकटा बोलला की आई हसायची आणि थोरली बोलली की आई विचारात पडायची. बहुतेक घरांत अशी वाटणी झालेली असते. ती कुणी मुद्दाम करत नाही, आणि तिच्याबद्दल तक्रार करायला गेलं तर आपलंच हसं होतं.

थोरलीचं काम नेमकं काय ते आधी सांगायला हवं, कारण पुढचं सगळं त्यावरच उभं आहे. झाडापानांचं संशोधन करणाऱ्या एका संस्थेत, तिसऱ्या मजल्यावरच्या प्रयोगशाळेत ती वीस वर्षं होती. झाडाचा एखादा तुकडा जिवंत आहे की मेलेला, आणि जिवंत असेल तर कितपत, हे ती मोजायची. नुसत्या डोळ्यांना ते कळत नाही. तोडलेली फांदी आठवडाभर हिरवी दिसते आणि आतून कधीच संपलेली असते. उलट एखादी काटकी वाळून कोळ झालेली वाटते आणि आत धुगधुगी शिल्लक असते. जिवंत पेशी श्वास घेते, आणि तेव्हा तिच्यातली एन्झाइमं राबत असतात. त्यांना एका क्षाराचं पाण्यासारखं द्रावण दिलं की ती त्याचा रंग लाल करतात. काम जितकं जास्त तितका लाल गडद. मग तो रंग स्पिरिटमध्ये उतरवायचा, नळी रंग मोजणाऱ्या मीटरमध्ये घालायची आणि येईल तो आकडा वहीत लिहायचा. मेलेला तुकडा मात्र द्रावणात कितीही भिजला तरी पांढराफटक राहतो.

पण नळ्या नेहमी तीन. पहिलीत तपासायचा तुकडा. दुसरीत ज्याच्या जिवंतपणाबद्दल शंकाच नाही अशा झाडाचा तुकडा. आणि तिसरीत पहिल्याच झाडाचा, पण उकळून मारलेला. तिसरी पांढरी राहिली तरच पहिलीच्या लाल रंगाला अर्थ, नाहीतर तो रंग कुठून आला ते देव जाणे. कुणी नवीन कामाला लागलं की थोरली त्याला पहिल्या दिवशी हेच सांगायची, "आधी मेलेलं मोज, मग जिवंत." या बाबतीत तिने कुणाची हयगय खपवून घेतली नाही. प्रयोगशाळेत तिचं नाव 'उकळताई' पडलं होतं. ते घरी सांगायचा मूर्खपणा तिने केला आणि त्या दिवसापासून धाकटाही तिला तेच म्हणू लागला.

अंगणातलं अक्रोडाचं झाड धाकट्याचं. नऊ वर्षांचा असताना त्याने खायला मिळालेल्या अक्रोडांतला एक न फोडता खिशात ठेवला आणि नळाशेजारी पुरला. "खाल्ला असतास तर पोटात तरी गेला असता," आई म्हणाली होती. "थांब ना, पोतंभर येतील," तो म्हणाला. पोतंभर कधी आले नाहीत, पण झाड आलं, आणि असं माजलं की अठरा वर्षांत त्याने अंगण झाकून टाकलं. त्याची एकच खोड होती. थंडी सरली की गल्लीतली सगळी झाडं पालवायची आणि हे आपलं उघडंबोडकं उभं. सगळ्यांचं झालं की महिन्याभराने याला जाग यायची. "मालकावर गेलंय," आई म्हणायची. धाकटा सुट्टीच्या दिवशी नऊच्या आधी उठला तर घरात ती बातमी व्हायची. आई त्याच्या दारावर थापा मारायची, मग अंगणात येऊन झाडालाही दोन शब्द सुनवायची. "ऊठ रे! किती झोपशील? लाज वाटू दे जरा." झाडाला आणि मुलाला एकच शिवी पुरायची.

धाकटा लिफ्ट दुरुस्त करायचा. गेल्या वर्षी काम करताना तो वरच्या मजल्यावरून खाली पडला.

इस्पितळात तो चार दिवस होता. पहिल्याच संध्याकाळी डॉक्टरांनी थोरलीला बाहेर बोलावलं. तुम्ही प्रयोगशाळेत काम करता ना, म्हणाले, मग तुम्हाला स्पष्टच सांगतो. मेंदू संपलाय. छाती हलते आहे ती यंत्रामुळे. आम्ही नियमाप्रमाणे पुन्हा तपासू, पण आशा धरू नका. थोरली खोलीत परत आली तेव्हा आई पडद्यावरच्या हिरव्या आकड्यांकडे बघत होती. "काय म्हणाले गं?" थोरलीने आकड्यांकडे बोट दाखवलं. "आकडे चांगले आहेत, आई." आणि ते खोटं नव्हतं. रक्तातला प्राणवायू अगदी निरोगी माणसाचा होता. यंत्र उत्तम चाललं होतं.

आईचा जीव भांड्यात पडला. त्यानंतर चार दिवस तिने उशाशी बसून धाकट्याला झापलं. ऊठ आता, पुरे झालं. सगळ्या गल्लीला जाग आली, तुला कधी येणार? घरी चल, मग बघते तुझ्याकडे. बुटांची नाडी बांधून वर चढायला काय होतं तुला? कितीदा सांगितलं होतं? ती रागावत होती कारण तो उठणार होता. उठणाऱ्यालाच माणूस रागावतं. थोरली खोलीच्या कोपऱ्यात स्टुलावर बसून हे ऐकत होती, आणि आज सांगते, उद्या सांगते असं करता करता पाचवा दिवस उजाडला आणि डॉक्टरांनी यंत्र बंद केलं.

डॉक्टरांनी थोरलीला पहिल्या दिवशीच सांगितलं होतं, हे आईला नंतर एका नर्सच्या बोलण्यातून कळलं. तिने आदळआपट केली नाही. केली असती तर बरं झालं असतं. दोन महिने ती थोरलीशी कामापुरतं बोलली, आणि मग एका सकाळी भांडी घासता घासता पाठमोरीच म्हणाली, "चार दिवस मी त्याला शिव्या घातल्या. मला माहीत असतं तर मी शिव्या घातल्या असत्या का?"

थोरलीने घासलेलं एक भांडं उचललं आणि पुसायला घेतलं.

"मला पुन्हा कधी असं गोड गोड सांगू नकोस," आई म्हणाली. "कडू असलं तर कडू सांग. पण ज्या दिवशी कळेल त्याच दिवशी सांग."

थोरलीने कानाला खडा लावला.

त्यानंतरच्या थंडीआधी गल्लीत पाइप टाकायला चर खणला गेला, आणि तो नेमका अक्रोडाच्या बुडापासून हातभर अंतरावरून. मुळं तुटलेली आईने पाहिली होती. मनगटाएवढी जाड मुळं चराच्या भिंतीतून बाहेर आली होती. मग थंडी सरली. गल्ली हिरवी झाली. महिना गेला, अक्रोडाचा नेहमीचा उशीरसुद्धा उलटून गेला, आणि झाड तसंच.

शेजारी शिंपीकाका राहायचे. त्यांच्या दुकानाचा पत्रा बरोबर अक्रोडाच्या मोठ्या फांदीखाली. माणूस भला, पण भित्रा. गळ्यातल्या टेपशी चाळा करत ते कुंपणाशी आले आणि पाच मिनिटं हवापाण्यावर बोलले, तेव्हाच थोरलीने ओळखलं की यांना बोलायचं आहे ते वेगळंच.

"नाही म्हणजे, जिवंत असेल तर माझं काहीच म्हणणं नाही," ते अखेर म्हणाले. "धाकट्याच्या हातचं आहे. मला काय कळत नाही का? पण मेलेलं असेल तर वहिनी, वाऱ्याचा भरवसा नाही. खाली मी बसतो, दोन पोरी बसतात मशीनवर."

"जिवंत आहे," आई म्हणाली.

"असेल, असेल. मी कुठे नाही म्हणतोय?" काका माघारी वळले. "फक्त एकदा बघून घ्या. ताईंचं तर तेच काम आहे."

आईने थोरलीकडे पाहिलं. वर्षभरात तिने थोरलीकडे असं सरळ पाहिलं नव्हतं. "खरंच की," ती म्हणाली. "तूच तपास. तू सांगशील ते मी मानीन. फक्त बघितलेलं सांग."

दुसऱ्या दिवशी थोरलीने चार फांद्यांची टोकं कापली, ओल्या फडक्यात गुंडाळली आणि जेवणाच्या सुट्टीत काम करायला बसली. साल सोलली. सालीखालचा पातळ थर ब्लेडने काढला. तो हिरवा नव्हता आणि अगदी तपकिरीही नव्हता, कुठल्याही बाजूने वाद घालता येईल असा होता. पहिल्या नळीत तिने ते काप सोडले. संस्थेच्या आवारातही एक अक्रोड होता, त्याचे काप दुसऱ्या नळीत गेले. मग तिने तिसऱ्या नळीसाठी काप घेतले आणि शेगडी पेटवली. पाण्याला आधण आलं. बुडबुडे वर येऊ लागले.

तिने आजवर किती तुकडे उकळून मारले असतील? हजारो. एकदाही हात अडला नव्हता. त्या दुपारी चिमट्यात धरलेला तो नखाएवढा काप बघताना तिला नळाशेजारी मातीत बोटं खुपसून बसलेला नऊ वर्षांचा मुलगा दिसला, आणि हा तुकडा तरी आपण आपल्या हाताने मारायचा नाही असं तिच्या मनाने घेतलं. तिने शेगडी बंद केली. तिसऱ्या नळीसाठी घेतलेले कापही पहिलीतच टाकले. दोन नळ्या तिने गरम कपाटात ठेवल्या. ज्याने तिला या गोष्टीवरून आयुष्यभर चिडवलं त्याच्याच झाडाच्या वेळी ती पहिल्यांदा नियम विसरली. विसरली कसली, नियम माहीत असून तिने तो बाजूला ठेवला. त्याला विसरणं म्हणत नाहीत.

एरवी चार तासांत नळ्या काढतात. पण त्या दिवशी संध्याकाळी पाण्याची टाकी फुटली म्हणून सगळा मजला रिकामा करावा लागला, आणि पुढचा दिवस सुट्टीचा निघाला. तिसऱ्या दिवशी सकाळी पर्स खांद्यावर तशीच ठेवून तिने कपाट उघडलं.

लाल. दोन्ही नळ्या लाल. आवारातल्या झाडाची जरा जास्त, आपली जरा कमी, पण लाल.

तिने आईला प्रयोगशाळेतूनच फोन केला. असा फोन तिने वीस वर्षांत केला नव्हता. "आई, जिवंत आहे. मी बघितलंय."

पलीकडून आई म्हणाली, "तू जेवलीस का?"

हे ऐकून थोरलीला हुंदका आला. जेवलीस का, हा प्रश्न त्या घरात एक वर्ष बंद होता.

पुढचे आठ दिवस घर पुन्हा घरासारखं झालं. आईने धाकट्याच्या खोलीची खिडकी उघडली. शिंपीकाकांना तिने कुंपणावरून ठणकावून सांगितलं की मशीनने तपासलंय, शंका असेल तर या आणि बघा. काकांनी दोन्ही हात वर केले आणि आधारासाठी मोठ्या फांदीला स्वतःच दोरी बांधून दिली. आणि रोज सकाळी आई बादली घेऊन अक्रोडापाशी उभी राहायची. "ऊठ की रे मेल्या! नाटकं पुरे झाली. लाल दिसलास म्हणे मशीनमध्ये! आत जागा आहेस आणि वरून सोंग करतोस? लाज वाटू दे जरा." थोरली आतून ऐकायची. आईच्या आवाजाला पुन्हा धार आली होती. आनंद झाला की तो रागाच्या कपड्यांतच बाहेर यायचा, ही आईची जुनी रीत.

प्रयोगशाळेच्या प्रमुखांना सगळे नुसतं 'बाई' म्हणायचे. निवृत्तीला दोन वर्षं उरली होती, चष्मा दोरीला बांधलेला, आणि लोकांच्या वह्या वाचायची त्यांना लोक वर्तमानपत्र वाचतात तशी सवय होती. नवव्या दिवशी दुपारी त्या थोरलीच्या टेबलाशी वही उघडी धरून उभ्या राहिल्या.

"हे 'घरचा अक्रोड' काय आहे?"

"माझं स्वतःचं होतं, बाई. जेवणाच्या सुट्टीत केलं. रसायन थोडंसंच लागलं."

"रसायनाचं कोण विचारतंय? तिसरा आकडा कुठे आहे?"

थोरलीने हातातली नळी स्टँडमध्ये परत ठेवली.

"ही वही दुसऱ्या कुणाची असती तर तू काय केलं असतंस?"

"पान फाडलं असतं," थोरली म्हणाली.

बाईंनी पान फाडलं नाही. वही बंद करून टेबलावर ठेवली. धाकट्याचं त्यांना माहीत होतं, त्या घरी येऊनही गेल्या होत्या. "पुन्हा कर," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "जसं केलंस अगदी तसंच कर, दोन रात्री ठेव. चूक शोधायची तर ती पुन्हा तशीच करावी लागते. फक्त या वेळी तीन नळ्या."

दुसऱ्या दिवशी सकाळी आईच्या देखतच थोरलीने फांद्या कापल्या. चोरून कापायचं नाही एवढं तिने ठरवलं होतं.

"पुन्हा कशाला?" आईने विचारलं.

"माझी एक नळी राहिली होती. त्यामुळे मला शंका आहे. खात्री झाली की सांगते."

आईने बादली खाली ठेवली. त्या सकाळी तिने झाडाला शिव्या दिल्या नाहीत.

या वेळी थोरलीने शेगडी बंद केली नाही. चिमटा आधणात धरून ती दहा मिनिटं उभी राहिली आणि घड्याळाच्या काट्याकडे बघत राहिली. दोन रात्रींनंतर, दुपारी साडेतीनला, तिने आणि बाईंनी मिळून कपाट उघडलं.

तिन्ही नळ्या लाल होत्या. उकळून मारलेलीसुद्धा.

थोरलीला समजायचं ते समजलं होतं, तरी बाईंनी तिला सूक्ष्मदर्शकाशी बसवलं, कारण समजणं आणि बघणं यांत फरक असतो. आवारातल्या अक्रोडाच्या कापात पेशी विटांसारख्या ओळीने लागल्या होत्या आणि प्रत्येक विटेच्या आत लाल दाणे होते. घरच्या अक्रोडाच्या कापात विटा होत्या, पण रिकाम्या. त्या रिकाम्या भिंतींमधून लाल धागे गेले होते, फांद्या फुटलेले, एका खोलीतून दुसरीत घुसलेले. बुरशी. उकळलेल्या कापावर धागे नव्हते, नुसते लाल ठिपक्यांचे पुंजके होते, दोन रात्रींत वाढलेल्या जंतूंचे. श्वास सगळीकडे चालू होता. एन्झाइमं राबत होती, द्रावण लाल होत होतं, मीटर आकडा दाखवत होता. फक्त झाड त्यात कुठेच नव्हतं.

"चार तासांत काढली असतीस तर फसली नसतीस," बाई म्हणाल्या.

"उकळली असती तरी फसले नसते."

"हो." बाईंनी तिच्या खांद्यावर हात ठेवला. "उद्या सांग घरी. आज शांत हो."

थोरलीने पर्स उचलली. "नाही बाई. उद्या नाही."

बस भरायला वेळ लागला, आणि मग ती रेल्वेच्या फाटकाशी अडकली. थोरली उभ्यानेच आली. आठ दिवस. त्या वेळी चार आणि या वेळी आठ, एवढाच हिशोब डोक्यात चालू होता. पुन्हा तेच. पुन्हा आपण आकडा दाखवला आणि तिने पुन्हा शिव्या घातल्या. खिडकी बंद होईल. जेवलीस का बंद होईल. आई या वेळी भांडी घासतानासुद्धा काही बोलणार नाही. आणि घरी जाऊन नुसतं 'अजून खात्री नाही' म्हटलं तर? दोन आठवडे निघाले असते. फाटक उघडेपर्यंत तिने हे वाक्य मनात दहा वेळा म्हणून बघितलं. दर वेळी ते अधिक सोपं वाटत होतं.

आई अंगणात उलट्या बादलीवर बसली होती.

"आई," थोरली चपलाही न काढता म्हणाली. "झाड मेलंय. मी चुकले. लाल झाली ती बुरशी होती. आत झाडाचं जिवंत काही उरलेलं नाही. बहुतेक थंडीतच गेलं असेल."

आई झाडाकडे बघत राहिली. गल्लीत कुणाची तरी सायकल खडखडत गेली. शिंपीकाकांच्या दुकानात मशीन चालू होती.

"म्हणजे मी आठ दिवस पुन्हा..." आई म्हणाली.

"हो."

"कधी कळलं तुला?"

"आज. साडेतीनला."

"आता किती वाजलेत?"

"पाच वाजून गेले. बस फाटकाला अडकली."

आईने बोटांवर काहीतरी मोजलं. दोन बोटंसुद्धा पूर्ण लागली नाहीत. तिने हात मांडीवर ठेवला आणि मान हलवली, सामान बरोबर आलंय म्हणून हलवावी तशी. "बरं," ती म्हणाली. "बरं केलंस." मग ती उठली, गुडघ्यावर हात देऊन, आणि झाडापाशी गेली. खोडावर तळवा ठेवला. बोलली ते इतकं हळू, की थोरलीला ते ऐकायला आपला श्वास रोखावा लागला.

"झोप रे," आई म्हणाली. "झोप हवं तेवढं. नाही उठवत मी. रागावत पण नाही. तेव्हा मला माहीत नव्हतं रे बाळा, म्हणून रागावले."

थोरली तोंडावर पदर दाबून उभी होती. आई वळली तेव्हा तिचा चेहरा ओला होता, पण वर्षभर त्यावर ताणलेलं जे काही होतं ते सैल झालं होतं. ती थोरलीकडे आली आणि एकाएकी थांबली. तिला काहीतरी नवीनच सुचलं होतं.

"तुला तर पहिल्या दिवसापासून माहीत होतं," आई म्हणाली. "तिकडे, इस्पितळात. मग तू तरी बोललीस का गं त्याच्याशी? शेवटचं?"

थोरलीने मान हलवली. नाही.

"का?"

"तू खोलीत होतीस," थोरली म्हणाली. "मी तसं काही बोलले असते तर तुला कळलं असतं."

आई तिच्याकडे बघत राहिली. चार दिवस कोपऱ्यातल्या स्टुलावर बसलेली ही मुलगी तिने पाहिलीच नव्हती. तिला वाटलं होतं, निरोप फक्त आपलाच राहिला.

"अगं वेडे," एवढंच ती म्हणाली. मग तिने बादली उचलली आणि घराकडे निघाली. पायरीवर थांबून म्हणाली, "काकांना सांगते, परवा माणसं बोलवा. उद्याचा दिवस राहू दे. मी आत आहे. दार लावून घेते, मला काही ऐकू येणार नाही. तू बोल."

दार लागलं. आतून कडीचाही आवाज आला.

थोरली एकटी झाडापुढे उभी राहिली. वर्षभर मनात साठवून ठेवलेलं पुष्कळ होतं, पण त्यातलं काहीच जागेवर सापडेना. तिने खोडाला हात लावला. साल कोरडी होती आणि उन्हाने अजून कोमट होती.

"धाकट्या," ती म्हणाली. "तिसरी नळी राहिली रे माझी."

तो असता तर हे त्याने जन्मभर पुरवून पुरवून सगळ्यांना सांगितलं असतं. उकळताई उकळायला विसरली! ती तिथेच कोरड्या मातीत खाली बसली, आणि त्याच्यासाठी पहिल्यांदाच, कुणापासून न लपवता, मोठमोठ्याने रडली.